इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी किती शिल्लक आहे? घरच्या घरी नेमकं मोजायची पद्धत

फुल चार्ज केल्यावर पडद्यावर दिसणारी रेंज म्हणजेच बॅटरीची तब्येत, हा समज फार पक्का बसला आहे. त्याच्या जोरावर लोक सर्व्हिस सेंटरशी भांडतात, धडधाकट गाडी घाबरून विकतात, आणि खरोखर थकलेल्या बॅटरीची जुनी गाडी बिनधास्त विकतही घेतात. तो आकडा म्हणजे गाडीने बांधलेला अंदाज असतो. मागचे काही किलोमीटर तुम्ही कशी चालवली, बाहेर गारठा किती होता, हीटर किंवा एसी चालू होता का, यावरून गाडी पुढच्या प्रवासाचा हिशोब मांडते. बॅटरीत तसूभरही फरक पडलेला नसताना तो आकडा आठवडाभरात चांगलाच खाली-वर होतो.

बॅटरी मोजायची तर त्यातून किती ऊर्जा निघते ते मोजायला हवं, म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलावर ज्याला आपण युनिट म्हणतो तेच. हे मोजमाप अवघड नाही, पण त्याचा क्रम चुकला की उत्तर दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतं. आणि बॅटरी चांगली की वाईट हा निर्णय नेमका त्याच दहा-पंधरा टक्क्यांवर अवलंबून असतो. म्हणून पायऱ्या गाळू नका आणि उलटसुलटही करू नका.

## टप्पा १ : हात घालण्याआधी दोन गोष्टी शोधून ठेवा

नवी असताना वापरता येणारी क्षमता किती होती? बॅटरीचे आकडे दोन असतात: एकूण क्षमता आणि प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता. पाण्याच्या टाकीत नळाच्या खालचं पाणी वापरता येत नाही, तसा बॅटरीच्या तळाचा आणि माथ्याचा थोडा भाग कंपनी राखून ठेवते. बॅटरी ज्या छोट्या सेलची बनलेली असते ते पूर्ण रिकामे किंवा काठोकाठ भरले तर लवकर झिजतात, म्हणून ही सोय. जाहिरातीत बहुधा मोठा, एकूण आकडा असतो. तुम्ही मोजणार आहात तो वापरता येणारा भाग. त्यामुळे तुलनाही त्याच्याशीच करायची. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात तो मिळतो. एकच आकडा दिला असेल तर तो कुठला, हे कंपनीला लेखी विचारा.

सेल कुठल्या रसायनाचे आहेत? आजच्या गाड्यांत बहुतेक दोन प्रकार दिसतात: एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. एलएफपी सेलचा सरासरी व्होल्टेज ३.२ च्या आसपास असतो, एनएमसीचा ३.६ ते ३.७. आपल्याला यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. एनएमसी सेल रिकामा होत जातो तसा त्याचा व्होल्टेज बऱ्यापैकी एकसारखा उतरत जातो. एलएफपीचा व्होल्टेज मात्र मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. ७० टक्क्यांवर आणि ४० टक्क्यांवर तो इतका सारखा दिसतो की व्होल्टेजवरून टक्के ओळखणं गाडीलाही कठीण जातं. याचा परिणाम पुढच्या टप्प्यात दिसेल.

> तपासा : दोन्ही उत्तरं वहीत लिहिलीत का? ‘साधारण पन्नास असेल’ असं चालणार नाही. शेवटी याच क्षमतेने भागायचं आहे, हा भाजकच चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया.

## टप्पा २ : गाडीला आधी तिचे टक्के नीट कळू द्या

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते.

पडद्यावरचे टक्के थेट मोजलेले नसतात. बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, बीएमएस, आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट सतत मोजते आणि बेरीज-वजाबाकी करत राहते. या बेरजेत बारीक चुका साठत जातात. त्या दुरुस्त करायला तिला अधूनमधून एखादा खात्रीचा बिंदू लागतो, म्हणजे जिथे व्होल्टेज पाहून टक्के ठामपणे सांगता येतात अशी जागा. एनएमसीमध्ये गाडी काही तास शांत उभी राहिली की बहुतेक पातळ्यांवर असा अंदाज जमतो. एलएफपीमध्ये तो बिंदू मुख्यतः पूर्ण चार्जच्या टोकाला मिळतो. म्हणूनच एलएफपी गाड्यांच्या अनेक कंपन्या आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करायला सांगतात.

रोज ४० वरून ६०, ६० वरून ४० असं थोडंथोडं चार्जिंग करणाऱ्यांच्या गाडीत हे टक्के बरेच सरकलेले असू शकतात. अशा गाडीवर थेट चाचणी केली तर तुम्ही बॅटरी मोजत नाही, बीएमएसचा गैरसमज मोजता.

म्हणून चाचणीच्या आधीच्या आठवड्यात हे करा :

१. नेहमीच्या वापरात बॅटरी एकदा १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरू द्या.

२. त्या पातळीवर गाडी बंद करून काही तास उभी ठेवा. रात्रभर जमलं तर उत्तम.

३. मग घरच्या एसी चार्जरवर (इथे एसी म्हणजे वातानुकूलन नव्हे, घरात येणारी एसी वीज) सलग १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करा. पडद्यावर १०० आले म्हणून लगेच प्लग काढू नका. त्यानंतरही काही वेळ गाडी थोडा करंट घेत राहते आणि सेल एकमेकांच्या बरोबरीला आणते. गाडीने स्वतःहून करंट बंद करेपर्यंत थांबा.

४. एलएफपी असेल तर हे चक्र दोनदा करा.

याच आठवड्यात टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणून ठेवा. हवेचा बॅटरीच्या क्षमतेशी संबंध नाही, पण प्रवासाचं अंतर आणि खर्च नेहमीसारखा आला तर आकड्यातली गफलत लगेच ओळखू येते.

> सावधान : चाचणीच्या नावाखाली बॅटरी शून्यापर्यंत उतरवू नका. त्याने अचूकता फारशी वाढत नाही. एलएफपी गाड्यांत तर खालच्या टोकाला टक्के एकदम कोसळू शकतात आणि गाडी भर रस्त्यात थांबू शकते.

## टप्पा ३ : दिवस आणि रस्ता निवडा

बाहेरचं तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान असेल असा दिवस घ्या. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि त्याच बॅटरीतून कमी ऊर्जा बाहेर येते. ही घट तात्पुरती असते, ऊब आली की परत मिळते. कडाक्याच्या थंडीत मोजून ‘बॅटरी खराब झाली’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आणि लक्षात घ्या, हवा तापली म्हणजे बॅटरी तापली असं नाही. पॅकचं, म्हणजे सगळ्या सेलच्या मिळून बनलेल्या मोठ्या बॅटरीचं, वजन काहीशे किलो असतं, त्याला बाहेरचं तापमान गाठायला बरेच तास लागतात. रात्र गोठवणारी आणि दुपार उबदार, असा दिवस या कामाला चालणार नाही.

रस्ता असा हवा की ६० ते ८० किलोमीटरच्या वेगाने संथ, एकसारखं जाता येईल. महामार्गावर जोरात पळवून चाचणी करू नका. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, बॅटरीतून जास्त करंट ओढला जातो आणि ऊर्जेचा जास्त भाग पॅकच्या आतच उष्णता होऊन जातो. गाडीचा मीटर पॅकच्या बाहेर आलेली ऊर्जा मोजतो, आत जळालेली त्यात येत नाही. म्हणून तीच बॅटरी जोरात चालवल्यावर लहान भासते.

घाटाचा रस्ता टाळलेला बरा. नाइलाज असेल तर जिथून निघालात तिथेच परत या, म्हणजे चढ-उतार फिटतात.

## टप्पा ४ : चाचणीची फेरी

१. आदल्या रात्री चार्जिंग अशा वेळी लावा की सकाळी निघायच्या एक-दोन तास आधी १०० टक्के पूर्ण होईल. रात्री दहालाच भरून गाडी सकाळपर्यंत तशीच ठेवू नका. काठोकाठ भरलेल्या अवस्थेत, त्यातही उन्हाळ्यात, जास्त वेळ राहिल्याने सेल लवकर झिजतात.

२. निघण्यापूर्वी एक ट्रिप मीटर शून्यावर आणा. ‘शेवटच्या चार्जपासून’ असं आपोआप शून्य होणारं मीटर असेल तरी वेगळं मीटर शून्य करा. मध्येच कुठे पाच मिनिटं चार्जिंगला लावली तर आपोआप चालणारं मीटर सगळं पुसून टाकतं.

३. टक्के, किलोमीटर, बाहेरचं तापमान आणि वेळ लिहा. पडद्याचा फोटो काढलात तर सर्वांत चांगलं. नंतर वॉरंटीचा विषय निघाला तर फोटो उपयोगी पडतो.

४. हीटर बंद ठेवा. एसी गरजेपुरता चालू ठेवायला हरकत नाही, पण तुमच्या गाडीचं ट्रिप मीटर एसीचा खर्च धरतं की नाही ते माहीत हवं. काही गाड्या मोटरचा आणि इतर उपकरणांचा खर्च वेगवेगळा दाखवतात. तसं असेल तर दोन्हींची बेरीज घ्या.

५. सलग चालवा. गाडी उभी असतानाही बॅटरी थोडी उतरते, कारण १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरत राहणं, मोबाइल ॲपशी संपर्क, कॅमेऱ्यांची पहारेदारी हे सगळं मोठ्या पॅकमधून चालतं. बहुतेक ट्रिप मीटर हा खर्च मोजत नाहीत. टक्के उतरतात, पण खर्चात त्याची नोंद नाही, असं झालं की बॅटरी आहे त्यापेक्षा लहान दिसते. चहापुरतं थांबलात तर काही बिघडत नाही. रात्रभर थांबून उरलेला भाग दुसऱ्या दिवशी करणं मात्र टाळा.

६. १५ टक्क्यांवर थांबा. थांबायची जागा चार्जरच्या जवळ असेल अशी आखणी आधीच करून ठेवा.

> सावधान : बॅटरी पूर्ण भरलेली असताना ब्रेकमधून परत मिळणारी वीज साठवायला जागा नसते. त्यामुळे सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावणार नाही. ब्रेकवर पाय तयार ठेवा.

‘एवढं लांब कशाला, १०० वरून ८० पर्यंत नेऊन पाचाने गुणलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. पडद्यावरचे टक्के पूर्णांकात असतात, त्यामुळे एका टक्क्याची चूक गृहीतच धरायची. २० टक्क्यांच्या फेरीत ती एक टक्क्याची चूक उत्तरात ५ टक्के होऊन बसते. ८५ टक्क्यांच्या फेरीत ती जेमतेम १.२ टक्के उरते. म्हणून फेरी लांबच हवी.

## टप्पा ५ : गणित

समजा, गाडीची नवी असतानाची वापरता येणारी क्षमता ५० युनिट होती. फेरी १०० वरून १५ टक्क्यांपर्यंत झाली. अंतर २४५ किलोमीटर, सरासरी खर्च १०० किलोमीटरला १५.८ युनिट.

वापरलेली ऊर्जा : १५.८ × २.४५ = ३८.७ युनिट

वापरलेले टक्के : १०० − १५ = ८५

आजची पूर्ण क्षमता : ३८.७ ÷ ०.८५ = ४५.५ युनिट

शिल्लक आरोग्य : ४५.५ ÷ ५० = ९१ टक्के

काही गाड्या खर्च उलट्या बाजूने दाखवतात, म्हणजे एका युनिटमध्ये किती किलोमीटर. तिथे अंतराला त्या आकड्याने भागायचं. ६.३३ किलोमीटर प्रति युनिट असेल तर २४५ ÷ ६.३३, पुन्हा ३८.७ च.

आता पहिल्या टप्प्यातला भाजक चुकला तर काय होतं बघा. याच गाडीची एकूण क्षमता ५४ युनिट असेल आणि कुणी तीच धरली, तर ४५.५ ÷ ५४ म्हणजे ८४ टक्के. बॅटरी तीच, फेरी तीच, पण कागदावर सात टक्के गायब. ‘दोन वर्षांत सोळा टक्के गेली’ अशा तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच इथे उगम पावतात.

> तपासा : उत्तर १०० च्या वर आलं तर आनंदू नका. भाजक लहान धरला आहे किंवा ट्रिप मीटर वेळेवर शून्य केलेलं नव्हतं. उत्तर एकदम ७५ च्या खाली आलं तर घाबरू नका, टप्पा २ पुन्हा करून दुसरी फेरी घ्या. दोन फेऱ्यांच्या उत्तरांत तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका.

## टप्पा ६ : परतीचं चार्जिंग, म्हणजे उलटतपासणी

फेरी संपली की मोजमाप अर्धंच झालेलं असतं. आता १५ वरून १०० पर्यंत घरच्या चार्जरवर चार्ज करा आणि भिंतीकडून किती युनिट ओढली गेली ते लिहा. चार्जरमध्ये मीटर नसेल तर त्या सर्किटवर इलेक्ट्रिशियनकडून छोटा एनर्जी मीटर बसवून घ्या. घराच्या मुख्य मीटरवरून काढायचं तर बाकीची उपकरणं बंद असताना आधी-नंतरचं रीडिंग घ्यावं लागेल, ते बहुतेकांना जमत नाही.

वरच्या उदाहरणात समजा भिंतीकडून ४३.५ युनिट गेली. बॅटरीतून ३८.७ वापरली होती. ३८.७ ÷ ४३.५ = ०.८९. म्हणजे ११ टक्के वाटेत गेली. एसी चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के गळती नेहमीची आहे: घरच्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करताना काही उष्णता होते, काही वायरमध्ये जाते, काही गाडीची यंत्रणा जागी ठेवण्यात खर्च होते. तुमचं उत्तर ०.८५ ते ०.९३ च्या दरम्यान आलं तर दोन्ही मोजमापं एकमेकांना साक्ष देतात असं समजा. ०.९७ किंवा ०.७५ आलं तर कुठेतरी नोंद चुकली आहे, किंवा चार्जिंगच्या वेळी हीटर अथवा कूलिंग बराच वेळ चालू होतं.

या आकड्याचा रोजच्या खर्चाशीही थेट संबंध आहे. गाडी १५.८ युनिट दाखवत असली तरी बिलावर १०० किलोमीटरला १५.८ ÷ ०.८९, म्हणजे जवळपास १७.८ युनिट येतात. पडद्यावरच्या आकड्याने घरखर्च मांडणाऱ्यांचा हिशोब दर महिन्याला चुकतो तो यामुळे.

आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ‘हळू चार्ज केलं की वीज वाचते’ असं सर्रास सांगितलं जातं. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कंप्युटर, पंप वगैरे जागे असतात. ते साधारण २०० ते ४०० वॅट घेतात, मग करंट कितीही असो. २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटवरून १० अँपिअरने चार्ज केलं तर भिंतीकडून २.३ किलोवॅट येतात. वरची ३८.७ युनिट भरायला वीसेक तास लागतात, आणि ३०० वॅट धरले तर सहाएक युनिट नुसती जागरणात जातात. ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर तेच काम सहा तासांत होतं आणि जागरणाचा खर्च दोन युनिटच्या आत राहतो. बॅटरीच्या आयुष्याच्या दृष्टीने ७.४ किलोवॅटसुद्धा सावकाशच आहे. झिजेची काळजी डीसी फास्ट चार्जिंगच्या वेगांबद्दल करायची.

> सावधान : साध्या सॉकेटवरून तासन्‌तास चार्ज करणार असाल तर अर्ध्या तासाने प्लग आणि सॉकेटला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर लगेच चार्जिंग थांबवा आणि सॉकेट बदलून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी कधीही चार्ज करू नका. अर्थिंगची खात्री इलेक्ट्रिशियनकडून एकदा करून घ्याच.

ज्यांना लांब फेरी करणं शक्यच नाही त्यांनी निदान हा सहावा टप्पा करावा. नेहमीच्या वापरात २० टक्क्यांच्या खाली आल्यावर १०० पर्यंत चार्ज करा, भिंतीकडच्या युनिटांना ०.८९ ने गुणा आणि भरलेल्या टक्क्यांनी भागा. ०.८९ हा अंदाज असल्यामुळे उत्तर दोन-चार टक्के इकडेतिकडे होईल. पण दरवर्षी त्याच चार्जरवर, त्याच सुमाराच्या तापमानात मोजलंत तर ही चूक दर वेळी जवळपास सारखीच राहते आणि घट किती झाली ते व्यवस्थित कळतं.

## टप्पा ७ : सेलच्या पातळीवर एक नजर

हा टप्पा ऐच्छिक आहे, पण आरोग्य ८५ च्या खाली आलं असेल तर सोडू नका. गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतली माहिती आणि दोष वाचायला मेकॅनिक उपकरण लावतात त्या जागी, छोटा ब्लूटूथ रीडर लावून मोबाइल ॲपवर प्रत्येक सेलचा, किंवा सेलच्या गटाचा, व्होल्टेज बऱ्याच गाड्यांत दिसतो.

पॅकमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून एकच करंट वाहतो. जो सेल आधी रिकामा होतो तिथे गाडीला थांबावं लागतं, बाकीच्यांत ऊर्जा उरलेली असली तरी. त्यामुळे ८२ टक्के या एकाच आकड्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. सगळे सेल सारखेच थकले असतील तर ते वय आहे, त्यावर उपाय नाही आणि चिंताही नाही. पण एखादाच गट मागे पडला असेल तर तो दोष आहे, दुरुस्त होण्यासारखा आहे, आणि वॉरंटीत तर तो नक्कीच पुढे करावा.

दोन्हींतला फरक असा ओळखा. गाडी १५ टक्क्यांवर असताना, तासभर उभी राहिल्यावर, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज लिहा. एनएमसीमध्ये २० मिलिव्होल्टच्या आतला फरक निर्धास्त. ५० च्या वर असेल तर कमी असलेल्या गटाचा क्रमांक टिपून ठेवा. मग १०० टक्के भरून, सेल बरोबरीला येईपर्यंत थांबून पुन्हा बघा. आठवडाभराने खालच्या टोकाला परत मोजा. फरक कमी होत गेला असेल तर सेल फक्त एकमेकांच्या मागेपुढे झाले होते, पूर्ण चार्जने ते जुळले. दर वेळी तोच क्रमांक तळाशी मागे पडत असेल तर तो सेल कमजोर आहे.

एलएफपीमध्ये मधल्या पट्ट्यातला फरक पाहून काहीच निष्कर्ष काढू नका. तिथे सपाट व्होल्टेजमुळे बिघडलेले सेलही सारखेच दिसतात. फक्त दोन टोकांना बघा.

> सावधान : काम झालं की रीडर काढून ठेवा. तो लावलेलाच राहिला तर काही गाड्या नीट झोपत नाहीत आणि १२ व्होल्टची बॅटरी उतरते.

## टप्पा ८ : आकडा आला, आता काय?

बॅटरीची घट सरळ रेषेत होत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत ती जास्त दिसते. सेलच्या आत इलेक्ट्रोडवर एक पातळ थर तयार होतो, त्यात थोडं लिथियम अडकतं. मग वेग मंदावतो. म्हणून ‘वर्षात चार टक्के गेली, म्हणजे दहा वर्षांत चाळीस’ असा त्रैराशिक हिशोब करू नका.

तुलनेसाठी एक जागतिक मोजपट्टी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांच्या मंचाने २०२२ मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा तांत्रिक नियम मंजूर केला. त्यानुसार प्रवासी गाडीची बॅटरी ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के राहायला हवी. अनेक कंपन्यांची वॉरंटीही ८ वर्षं, १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के अशीच असते. पण तुमच्या गाडीचा कागद स्वतः वाचा. काही वॉरंटींमध्ये बिघाड येतो, पण क्षमतेची घट येत नाही.

आकडा या रेषांच्या जवळ आला असेल तर :

१. दोन फेऱ्यांच्या नोंदी, फोटो आणि चार्जिंगचे युनिट एका कागदावर मांडा.

२. सर्व्हिस सेंटरला ‘रेंज कमी झाली’ अशी तक्रार करू नका. त्यावर ‘चालवण्याच्या पद्धतीवर असतं’ हेच उत्तर मिळतं, आणि ते चुकीचंही नसतं. ‘वापरता येणारी क्षमता ५० वरून ३६ युनिटवर आली आहे, बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल द्या’ असं लिहून द्या.

३. सेलचा क्रमांक मिळाला असेल तर तोही लिहा.

वॉरंटीचा निर्णय कंपनी स्वतःच्या उपकरणाने केलेल्या मोजमापावरच घेते. तुमचं मोजमाप त्याची जागा घेणार नाही. पण ते हातात असलं की तुम्हाला बोलण्यात टाळता येत नाही.

## जुनी गाडी घेताना

विकणारा फुल चार्जवर रेंज दाखवेल. ती सोडून द्या. काही गाड्यांत बीएमएस रीसेट केली की आरोग्याचा आकडाही काही दिवस वर जातो, म्हणून फक्त ओबीडीवरच्या टक्क्यांवरही सौदा ठरवू नका.

पूर्ण फेरी करू दिली जात नसेल तर निदान ८० वरून ३० पर्यंत स्वतः चालवा आणि टप्पा ५ चं गणित करा. ५० टक्क्यांच्या फेरीत दोन-तीन टक्क्यांची चूक राहते, ती धरून बोला. गाडी हातात येण्याआधी ती बराच काळ काठोकाठ भरून उन्हात उभी होती का, हे विचारा. कमी किलोमीटरची गाडी नेहमीच चांगली, असं बॅटरीच्या बाबतीत नसतं. उभ्या गाडीचे सेलही झिजतात, आणि भरलेल्या, तापलेल्या अवस्थेत जास्त झिजतात. चार वर्षांत रोज चालवलेली, सावलीत उभी राहिलेली गाडी त्यापेक्षा सरस निघू शकते.

शेवटी १५ टक्क्यांवर सेलचा फरक बघायला मिळाला तर तो बघाच. विकणारा तिथपर्यंत बॅटरी उतरवू द्यायला तयार नसेल तर अधिकृत केंद्राचा, अलीकडच्या तारखेचा लेखी अहवाल मागा, आणि तो हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.